अप्पांचं तोंड

सकाळी अप्पा हसले आणि चित्रकाराच्या कपातला चहा बशीत सांडला. सासऱ्याने सकाळी सकाळी जावयाकडे बघून हसावं, यात खरं तर वावगं काहीच नाही. ज्या घरात असं घडतं ते घर सुखी म्हणायला हरकत नसावी. पण अप्पांच्या त्या हसण्यात दात होते. वर एक रांग, खाली एक रांग, सगळे एकसारखे, पांढरेधोप, आजच रंगवलेल्या कुंपणाच्या फळ्यांसारखे. काल संध्याकाळी ते नव्हते. गेली कित्येक वर्षं नव्हते. आणि हा सगळा हिवाळा चित्रकाराचा जीव त्या नसलेल्या दातांवरच टांगलेला होता.

“कसे दिसतात?” अप्पांनी विचारलं. नव्या दातांमागून आवाजही नवाच आला, मध्येच बारीक शीळ घालणारा. “कवळी बसवली. वरची, खालची, दोन्ही. कुणाला बोललो नव्हतो. म्हटलं, एकदमच दाखवू.”

“छान आहेत की,” चित्रकार म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

“डॉक्टर म्हणाला, थोडे दिवस बोचतील, मग आपलेच वाटायला लागतील.” अप्पा खुर्चीत जरा सावरून बसले. “मग, बसायचं ना आज? तुमचं ऊन आलंय.”

“बसू. जरा वेळाने बसू,” असं म्हणून चित्रकार उठला, कामाच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि चित्रासमोर उभं राहून त्याने कपाळाला हात लावला. चित्र तयार होतं. म्हणजे बाकी सगळं तयार होतं. खुर्ची झाली होती, खुर्चीच्या हातावर ठेवलेला अप्पांचा शिरा वर आलेला पंजा झाला होता, करड्या स्वेटरचा उसवलेला गळा झाला होता, कपाळ, भुवया, एक डोळा उजेडात नि एक सावलीत, तेही झालं होतं, आणि चांगलं झालं होतं; इतकं चांगलं की चित्रकार अधूनमधून नुसताच दार उघडून बघून जायचा आणि हे आपणच केलं का, म्हणून मनातल्या मनात लाजायचा. फक्त नाकाखाली आणि हनुवटीच्या वर तळहाताएवढा एक खरवडलेला डाग होता. तोंड. रोज सकाळी ते रंगवायचं, रोज दुपारी ते सुरीने खरवडून काढायचं. खरवडून खरवडून तिथे कापडाची वीण दिसायला लागली होती.

बाहेर थंडी सरत आली होती. थंडी म्हणायची ती नावाला. सकाळी स्वेटर घालावा आणि नऊ-दहाच्या सुमाराला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकावा, इतपतच. पण हवा कोरडी, ठणठणीत कोरडी. ओठ फुटायचे, बोटांच्या पेरांना चिरा जायच्या आणि त्यात टर्पेंटाइन गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. रंगाच्या पाटीवर काढून ठेवलेल्या रंगावर साय धरायची. ताणलेलं कापड टिचकी मारली तर वाजायचं. समोरच्या इमारतीला कसलीशी डागडुजी चालली होती. तिची धूळ खिडकी लावली तरी येऊन ओल्या रंगावर बसायची आणि मग चित्रकार एका चिमट्याने तिचे कण वेचत, समस्त गवंडी जमातीला मनातल्या मनात शिव्या घालत बसायचा. पण या हवेचा एक गुण होता. तो म्हणजे हा उजेड. शहाणे चित्रकार म्हणे उत्तरेच्या खिडकीत बसून काम करतात. याच्या खोलीला दक्षिणेची एकच खिडकी, त्यामुळे वर्षाचे आठ-नऊ महिने ही खोली चित्र काढायला अगदीच कुचकामी. मात्र हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालून ऊन तिरपं आत शिरायचं, जमिनीवरून सरकत सरकत खुर्चीपर्यंत यायचं आणि खुर्चीत जो कुणी बसला असेल त्याच्या चेहऱ्यावर एका बाजूने चढायचं. सूर्य आता रोज थोडा थोडा वर चालला होता. छज्ज्याची सावली रोज थोडी थोडी खाली येत होती. अजून थोडेच दिवस, मग ते ऊन थेट पुढच्या हिवाळ्यात. तोपर्यंत अप्पा असतील की नाही हा विचार त्याच्या मनात यायचा, आणि त्या विचारात अप्पांची काळजी किती नि चित्राची किती, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

याच उन्हाने सगळं सुरू केलं होतं. अप्पांना या घरी आणून जेमतेम वर्ष झालं होतं. लेकीकडे राहायचं म्हणून ते संकोचूनच असायचे. आंघोळीला जाताना परवानगी मागायचे, दिवा लावला की आधी मालवायचे आणि मग खोलीबाहेर यायचे. थंडीत तेवढे उन्हाच्या मोहाने या खोलीत येऊन बसायला लागले, आणि चित्रकाराला ते अजिबात आवडलं नव्हतं. तो तेव्हा एका कारखान्याच्या दिवंगत अध्यक्षांचं तैलचित्र करत होता. फोटोवरून. गेली कित्येक वर्षं तो हेच करत होता. त्याच्यावर घर चालत होतं, नाही असं नाही. संस्थांचे अध्यक्ष, बँकांचे संस्थापक, कुणाकुणाचे स्वर्गवासी वडील. सगळ्यांना कोट, सगळ्यांना चष्म्यात एक चकाकी, आणि सगळ्यांना तेच ते दानशूर हसू. नातेवाईक येऊन सांगायचे, केस जरा जास्त दाखवा, जिवंतपणी होते. तो दाखवायचा. तर असा तो त्या अध्यक्षांच्या टायला गाठ मारत असताना त्याने वैतागून सहज मागे पाहिलं. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते, ऊन त्यांच्या गालफडावर आलं होतं, गालाच्या खड्ड्यात सावली साचली होती, आणि नाडी ओढलेल्या पिशवीसारखे आत ओढलेले ते ओठ वाचता वाचता हलत होते. आवाज नव्हता. चित्रकार बघतच राहिला. त्याला आठवलं ते त्याच तोंडाचं जुनं रूप. अप्पा विमा एजंट होते. जन्मभर दारोदार फिरले, आणि फिरले म्हणण्यापेक्षा बोलले. त्यांच्या बोलण्यापुढे कुणाचा टिकाव लागायचा नाही. चित्रकार पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला होता तो मुलीला मागणी घालायला; चित्रकार म्हणून, मिळकतीची बोंब, घाबरत घाबरत. अप्पांनी लग्नाला होकार द्यायला तीन आठवडे लावले, पण विमा मात्र त्याच बैठकीत उतरवून घेतला. “माणूस कलावंत आहे म्हणता, मग तर हवाच,” असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढून दिलं होतं. तो माणूस दात गेल्यावर हळूहळू गप्प झाला होता. शब्द बाहेर पडताना ओले होतात, लोक “काय? काय?” करतात, मग कशाला बोला. त्या हलणाऱ्या, न बोलणाऱ्या ओठांत चित्रकाराला ते सगळं दिसलं, आत गेलेलं सगळं बोलणं. त्याने अध्यक्षांना उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि नवीन कापड ताणायला घेतलं. असं त्याचं बारा वर्षांत झालं नव्हतं.

आणि आता अप्पांनी त्या तोंडात अध्यक्षांचे दात आणून बसवले होते. चित्रकार खोलीतल्या खोलीत दोन येरझारा घालून परत चित्रापुढे आला. काय करावं माणसाने? एवढी वर्षं लेकीने डोकं खाल्लं, अप्पा, दात बसवा, तेव्हा नाही म्हणजे नाहीच. गाजर किसून द्यावं लागायचं, सफरचंद वाफवून. “आता कुणाला काय दाखवायचंय,” हे ठरलेलं उत्तर. आणि बसवायचेच होते तर एवढा हिवाळा संपेपर्यंत दम धरवला नाही? म्हाताऱ्या माणसांना नेमकी अवेळीच हुक्की कशी येते? त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यातच त्याला आठवलं की अलीकडे अप्पा दुपारचे फिरायला जाऊ लागले होते, एक दिवसाआड, नेमाने, आणि आपण मनातून खूश झालो होतो की चला, तेवढीच अध्यक्षांना सवड. ते फिरायला जात नव्हते तर. ते त्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडून बसत होते.

त्या दिवशी अप्पा बसले. ताठ बसले, कधी नव्हे ते ताठ. गाल भरून आले होते, हनुवटी खाली गेली होती, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या दोन रेघा, ज्या रेघांवर चित्रकाराने पंधरा दिवस घालवले होते, त्या जणू कुणी इस्त्री फिरवून काढून टाकल्या होत्या. ऊन आलं, गालावर चढलं आणि त्याला साचायला खड्डाच मिळाला नाही. खुर्चीत एक सुखवस्तू, अनोळखी गृहस्थ बसला होता. चित्रकाराने स्वेटरची बटणं रंगवली. आधीच रंगवलेली होती, पुन्हा रंगवली. अप्पा समाधानाने त्याच्याकडे बघत होते आणि अधूनमधून ओठ विलगून दात दिसतील असे धरत होते, फोटो काढताना धरतात तसे.

“असं ठेवू का तोंड?” त्यांनी मध्येच विचारलं.

“राहू द्या अप्पा. साधंच राहू द्या.”

“नाही, दिसायला हवेत ना.”

चित्रकाराने पुन्हा बटणांवर ब्रश टेकवला. त्याला आठवत होते ते सुरुवातीचे दिवस. तेव्हा अप्पा बसले की त्यांचा हात आपोआप तोंडावर जायचा. बोलताना, खाताना, कुणी समोर आलं की त्यांना ती सवयच लागली होती. चार बोटं ओठांवर, जसं काही आत्ताच काहीतरी आठवलंय. आणि चित्रकार म्हणायचा, “अप्पा, हात खाली.” थोड्या वेळाने पुन्हा, “हात खाली, अप्पा.” आधी गोडीत, मग नुसतंच, मग शाळेतल्या मास्तरासारखं. आठवडाभरात त्याने ती सवय मोडून काढली. तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटला होता. बायकोला त्याने कौतुकाने सांगितलंही होतं की आता अप्पा माझ्यापुढे मोकळे बसतात.

बायको एका कंपनीच्या तक्रार-विभागात होती. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांचा वैताग ऐकून घ्यायचा आणि शेवटी “तुमची गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत” म्हणायचं, हे तिचं काम. त्यामुळे घरी आल्यावर तक्रार ऐकायला तिच्याकडे कान शिल्लक नसायचा, आणि चित्रकाराकडे तर संध्याकाळपर्यंत तक्रारींचा ढीग साचलेला असायचा. त्या संध्याकाळी ती दारातून आत आली, अप्पांनी दात दाखवले, आणि ती पर्स खांद्यावरच ठेवून रडायला लागली. आनंदाने. मग हसली, मग पुन्हा रडली, मग तिने एक गाजर आणून अप्पांच्या हातात दिलं आणि अप्पांनी ते कटकन तोडून दाखवलं. बापलेक दोघंही हसत होते. चित्रकार दारात उभा राहून बघत होता आणि त्याला कळत होतं की आपणही हसायला हवं. तो हसला. मग ती भाजी चिरायला लागल्यावर तो तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला.

“चार बैठका फक्त,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “चार बैठकांपुरती त्यांनी ती काढून ठेवली तर काय बिघडेल? नंतर घाला म्हणावं जन्मभर.”

ती चिरायची थांबली. “तू त्यांना असलं काही विचारणार नाहीस.”

“अगं पण चित्र—”

“तुला माहितीये त्यांनी कशासाठी केली ती?”

“तुझ्या कटकटीला कंटाळून.”

“तुझ्या चित्रासाठी.” तिने सुरी खाली ठेवली. “आत्ता सांगितलं त्यांनी मला. तू बाहेर गेलास की ते चित्र बघायला जायचे. दर वेळी. सगळं आहे म्हणाले, हात आहे, डोळे आहेत, स्वेटरसुद्धा हुबेहूब आहे, फक्त तोंड रोज खरवडलेलं. मला म्हणाले, तिथे काही उरलंच नाही, तर ते तरी काय काढणार बिचारे?”

चित्रकार ओट्याला टेकून उभा राहिला. गाजराची एक चकती घरंगळत खाली पडली ती त्याने उचलली आणि पुन्हा ओट्यावर ठेवली. त्याला म्हणायचं होतं की तसं नाही, तिथेच तर सगळं आहे, म्हणून तर ते जमत नाही; पण ते त्याने इतके दिवस कधी अप्पांना सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि काम चालू असताना त्याला बोलायला आवडत नसे. “मग मी काय करू?” तो म्हणाला.

“आता दात काढ की चित्रात. दिसतायत ना?” बायको म्हणाली. “बाकीच्यांचे काढतोस तसे.”

हे शेवटचं त्याच्या वर्मी लागलं. पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं आणि त्याची सगळ्या जगावर चिडचिड होत राहिली. समोरच्या इमारतीवर ठोकणाऱ्यांवर, नळ सोडून ठेवणाऱ्या शेजाऱ्यांवर, वाळून दगड झालेल्या रंगाच्या नळ्यांवर, ज्यांची झाकणं पक्कडीने पिळून काढावी लागत. अध्यक्षांच्या पुतण्याचे निरोप येत होते, काका कधी होतात? काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. बैठका मात्र रोज चालू होत्या, कारण अप्पा रोज वेळेवर, दाढी करून, दात लावून हजर होत होते, आणि त्यांना नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. चित्रकाराने आठवणीतून तोंड काढून पाहिलं. जमलं नाही. त्याने न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून स्वतःचे ओठ आत ओढून पाहिले, गाल चोखून पाहिले; तेवढ्यात बायको टॉवेल घ्यायला आली, क्षणभर बघत उभी राहिली आणि काही न बोलता दार ओढून घेऊन गेली. त्याने दातसुद्धा रंगवून पाहिले. एकदा, खरोखरच. अर्ध्या तासात झाले, हात बसलेला होता ना. दोन पावलं मागे होऊन पाहिलं तर खुर्चीत कारखान्याचे अध्यक्ष, स्वेटर घालून. त्याने ते खरवडून काढलं तेव्हा सुरीने कापड जवळजवळ फाटलं. छज्ज्याची सावली एव्हाना अप्पांच्या कपाळापर्यंत उतरली होती.

मग एका दुपारी तो हात पुसायला जुनं फडकं शोधत स्वयंपाकघराकडे गेला. दार लोटलेलं होतं, बोटभर फट होती. आत अप्पा टेबलाशी बसले होते. समोर दुधात भिजवलेला पाव होता आणि शेजारी एका वाटीत, पाण्यात, कवळी. ती बाहेर काढून ठेवून अप्पा पाव खात होते. दूध गळू नये म्हणून मान पुढे काढून, चमचा तोंडाशी नेऊन, ओठ त्याच्यावर मिटवून, सावकाश. खाता खाता ते मध्येच थांबायचे, गालात बोट घालून हिरडी चाचपायचे, तोंड वाकडं करायचे, आणि पुन्हा चमचा. खिडकीतून येणारा दुपारचा पांढरा उजेड भिंतीवरून उलटून त्यांच्या तोंडावर पडला होता. तेच तोंड. आत ओढलेलं, हलणारं, कुणाशीच न बोलणारं. चित्रकार फटीला डोळा लावून उभा राहिला. वरचा ओठ जिथे दुमडून आत जातो तिथे एक जवळजवळ हिरवी सावली आहे, हे त्याला इतक्या दिवसांत कधी दिसलंच नव्हतं. तो तिथे तपकिरी घालत आला होता. तपकिरी! किती वेळ उभा होता कोण जाणे. मग फडकं वगैरे विसरून, चवड्यांवर चालत तो खोलीत परत आला आणि त्याने ब्रश उचलला, आणि तासाभरात तोंड आलं. खरवडावं लागलं नाही. बोटाने दोन ठिकाणी फक्त कडा मऊ केल्या आणि ते आलं. तो जमिनीवर बसला आणि मोठ्याने हसला. घरात कुणी विचारायला आलं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दात लावून येऊन बसले. तेव्हा कुठे चित्रकाराच्या डोक्यात उजेड पडला. काल त्याने तोंड पाहिलं होतं, वाटी पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती, पण रंग बघावा तशी, एक गुलाबी वस्तू म्हणून. अप्पांना ते दात सोसत नव्हते. बहुधा पहिल्या दिवसापासून सोसत नसावेत. ते खाताना काढत होते, दुपारी काढत होते, दार लावून आपल्या खोलीत असताना काढत असणार. घालत होते ते लेक घरात असताना जरा वेळ, आणि इथे. या खुर्चीत. त्याच्या चित्रासाठी. आज तर त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात थरथर होती, डोळ्यांत पाणी तरारलेलं होतं, तरी ते ओठ किंचित विलग करून, दात दिसतील असे धरून बसले होते. आणि चित्र तर झालं होतं! चित्रकार ब्रश हातात घेऊन उभा होता. झालं म्हणावं, तर अप्पा बघायला मागणार. बघितलं, तर त्यांना दिसणार की ज्यासाठी एवढं सोसलं ते चित्रात नाहीच. म्हणून त्याने कोरडा ब्रश कापडाजवळ नेऊन हवेत हलवला, मग पाटीवर टेकवला, मग पुन्हा हलवला. काम चालू आहे असं दाखवत तो उभा राहिला, आणि समोर तो म्हातारा माणूस हिरड्या सोलवटून घेत बसून राहिला. चित्रकाराला स्वतःचा असा संताप आला की हातातला ब्रश मोडून टाकावा. पण त्याने तो हलवला. त्या दिवशी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी अप्पाच म्हणाले, “जावईबापू, तुमच्या ब्रशाला रंग नाही.”

चित्रकाराने ब्रशाकडे पाहिलं.

“परवापासून नाही. मी बघतोय.” शीळ घालत घालत, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा ते बोलत होते. “जमत नसलं तर सोडून द्या. मी काही मनाला लावून घेणार नाही. एवढे दात केले तरी जमत नाही, म्हणजे तोंडातच काहीतरी—”

“जमलंय, अप्पा,” चित्रकार म्हणाला. “झालंय.”

“झालं? मग दाखवा की!”

आता काही इलाज नव्हता. त्याने चित्राखालचा लाकडी घोडा दोन्ही हातांनी धरून चित्र अप्पांच्या बाजूला फिरवलं, आणि आपण खिडकीकडे बघत उभा राहिला. समोरच्या इमारतीवरची परांची उतरवायचं काम चाललं होतं.

“हे दात लावायच्या आधीचं,” अप्पा म्हणाले.

“नाही.”

“मग?”

“लावल्यानंतरचंच. तुम्ही स्वयंपाकघरात खात होता तेव्हाचं. मी दारातून पाहिलं.”

“दारातून.”

“फटीतून,” चित्रकार म्हणाला. “अप्पा, मला हेच तोंड हवं होतं. पहिल्यापासून हेच. तिथे काही नाही असं नव्हतं. मलाच जमत नव्हतं. दात काढून बसा म्हणून विचारायचं होतं, पण विचारवलं नाही.”

अप्पा चित्राकडे बघत होते. चित्रातला माणूस खाली कुठेतरी बघत होता, आपल्याच नादात. “हिरड्या सोलून निघाल्या माझ्या,” ते शेवटी म्हणाले, आणि त्या आवाजात चित्रकाराने कित्येक वर्षांत न ऐकलेला एक ठसका होता. चार जिने चढून गेल्यावर दार तोंडावर लावलं तरी पुन्हा घंटी वाजवणाऱ्या माणसाचा. “घास गिळताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पोरीला सांगू शकत नाही, ती गाजरं आणून ठेवते. आणि तुम्ही फटीतून बघता? अहो, जन्मभर मी लोकांना नको ते विचारत आलो, मेलात तर बायकापोरांचं काय असं तोंडावर विचारलं, आणि घरातल्या घरात माझ्याच जावयाला एवढं साधं विचारता येऊ नये?”

चित्रकार खिडकी सोडून अप्पांकडे वळला. त्याचे कान तापले होते.

अप्पांनी दोन्ही अंगठे तोंडात घातले, आधी खालची काढली, मग वरची, स्वेटरला पुसल्या आणि खिशात टाकल्या. त्यांचा चेहरा चित्रकाराच्या डोळ्यांदेखत आत गेला, गालांत खड्डे पडले, ऊन खड्ड्यांत उतरलं. मग ते खुर्ची पुढे ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ सरकून बसले.

“बघा,” ते म्हणाले. शब्द ओला आला, पण चांगला मोठ्याने आला. “चोरून कशाला? समोरून बघा.”

चित्रकाराने पाहिलं. ओठ तसेच आत होते, पण ते मिटलेले नव्हते, हलत नव्हते, आपल्या नादात नव्हते. ते त्याच्यावर रोखलेले होते. हे तोंड चित्रात नव्हतं. हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. त्याची नजर सवयीने सावलीचा रंग शोधायला लागली आणि वर अप्पांच्या डोळ्यांना जाऊन धडकली, तेव्हा त्याला मान फिरवावीशी वाटली.

“हलू नका,” अप्पा म्हणाले.